पलीकडं

मशीन आलं तेव्हा शेडमध्ये मावेना.
नुसती गाडीच सव्वातीन मीटर,
तेवढीच पुढं सरकणार, तेवढीच मागं,
वर माणूस उभा राहायला जागा.
मग देगलूर रोडच्या अंगाची भिंत पाडली.
नऊ इंची, भाड्याची. मालकाला
दोन महिन्यांचं आगाऊ दिलं तेव्हा हो म्हणाला.

जुनं मशीन चार बोल्टांवर
एकवीस वर्षं जिथल्या तिथं.
बिडाचं टेबल, चैत्रातही तळव्याला गार.
पोटात मोटर, पोटातच भुसा.
दार उघडलं की कोपऱ्यात थरावर थर:
सागाचा, निंबाचा, बाभळीचा तांबूस,
आणि सगळ्यांवर प्लायवूडचा,
ज्याला स्वतःचा वास नाही, नुसता डिंकाचा.

आठ बाय चारची शीट चिरायची म्हणजे
मी अलीकडं, खय्यूम पलीकडं.
मी पातं बघायचो, तो मला बघायचा.
त्या आवाजात बोलणं कसलं.
भुवई वर म्हणजे थांब.
हनुवटी हलली म्हणजे घे.
शीट पात्यातून निघाली की तिचे दोन तुकडे,
आणि दोन्ही त्याच्याच हातांत, न आपटता.

करंगळीचं पेर गेलं त्या दिवशी
मी एकटाच होतो. तो नमाजला गेलेला.
तेव्हापासून शुक्रवारी दुपारी मशीन बंद.
असं कुणी ठरवलं नव्हतं.

नवं मशीन शिकवायला राजकोटचा पोरगा आला,
कानात बाळी, तोंडात मिलिमीटर.
आमचं एक सूत त्याच्या हिशेबात
तीन पॉइंट दोन. सुतात त्याचं भागत नाही.
शीट गाडीवर ठेवली, क्लॅम्प आवळला.
आधी छोटं पातं सनमायक्यावर
नखाएवढी रेघ ओढतं, खालून,
मग मोठं येतं त्याच रेघेतून.
टवका उडत नाही.
गुण्या लावला, उजेडाला धरला.
फट नाही.
ज्या फटीला एकवीस वर्षं मी गिऱ्हाइकापुढं
"लाकूड हाय, हलणारच" म्हणत आलो
ती नाहीच.
खरं सांगतो, लाज वाटली.
आणि पोरानं दुसरी शीट मागितली तेव्हा
मी पळत गेलो आणायला, या वयात.

हे सगळं चाललं होतं तेव्हा
खय्यूम पलीकडं जाऊन उभा होता.
दोन्ही हात पुढं, तळवे वर,
कोपरं जराशी वाकलेली,
डोळे माझ्यावर.
गाडी त्याच्यापर्यंत गेली
आणि शीटसकट परत आली.
पोरगा हसला,
"चाचा, उधर किसी का काम नहीं."

त्यानं हात लगेच खाली घेतले नाहीत.
आधी पँटीला पुसले.
भुसा नव्हता त्यांच्यावर.

जेवताना डबा उघडून म्हणला,
"जुनं कुणाला द्यायलास?"
अहमदपूरचा एक जण हाय, म्हणलं,
त्र्याहत्तर हजाराला तयार हाय.
"एकटाच करतो का काम?"
काय माहीत.
"इचार," तो म्हणला, भाकरी मोडत.
"एकटा आसंल तर देऊ नको."

फोन लावला. त्याला भाऊ होता.

बोल्टांची चार भोकं तशीच आहेत.
झाडताना भुसा त्यांत जाऊन बसतो,
खराट्यानं निघत नाही.

गाडी आता खय्यूमच सरकवतो.
एका हातानं, दुसरा नुसता कडेवर टेकलेला.
आठवड्यात तो पॉइंट पाच म्हणायला लागला,
मी अजून सूतच म्हणतो.
मापं माझ्याकडं, बिलं माझ्याकडं.
वीज आली की मोठी कामं आधी काढतो,
शुक्रवारी दुपारी नवंही बंदच असतं.

आणि कधी कधी, मोठी शीट निघाली की
मी वही ठेवतो
आणि पलीकडं जाऊन उभा राहतो.
काम काही नसतं.
गाडी येते, जाते.
तो हनुवटी हलवतो.