चाळीस ग्रॅम

मकरपुऱ्यातली कंपनी बंद पडली तेव्हा
माझ्याकडे उरलं ते एक पेचकस, एक पक्कड,
लोखंडी वजनांची लाकडी पेटी
आणि साडेसहा वर्षांचा हेरंब.
कोर्टात त्याच्या आईनं त्याला मागितलं नाही.
हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.
"आई पुण्याला असते," एवढंच आमच्या घरात बोललं जातं,
तेही शाळेचा फॉर्म भरताना.

आता मी काटे दुरुस्त करतो.
मांडवीपासून फतेहपुऱ्यापर्यंत
भाजीवाल्यांचे, फरसाणवाल्यांचे, भंगारवाल्यांचे.
सोनारांनी मला अजून बोलावलेलं नाही.
वजनमापवाला साहेब यायच्या आधी
शिक्क्यासाठी सगळ्यांना माझी आठवण होते,
नंतर रस्त्यात ओळख देत नाहीत.
चालायचंच.

पहिल्या वर्षी भात करपायचा.
हेरंब म्हणायचा, "पप्पा, वरचा वरचा वाढा."
खालचा मी खायचो, पातेलं खरवडून.
एकदा सहलीचे दोनशे रुपये जमेनात
तर म्हणाला, "नकोच, मला बसमध्ये उलटी होते."
त्याला कधीच उलटी होत नाही.

नवापुऱ्यात दक्षाबेनची घंटी.
(इथे गिरणीला घंटी म्हणतात.
लहान होता तेव्हा हेरंब तिच्या भिंतीला
कान लावून उभा राहायचा, वाजेल म्हणून.)
तिचा काटा जुना, वर काही नसतानाच
चाळीस ग्रॅम दाखवायचा.
विचारलं, "मग इतकी वर्षं कसं चालवलंत?"
म्हणाली, "बाद करूं छुं ने."
दर डब्यामागे चाळीस,
मनातल्या मनात, पट्ट्याच्या त्या खडखडाटात,
सकाळी आठपासून.
गिऱ्हाइकाला कळलंही नसतं.
नवरा गेल्यापासून ती एकटीच चालवते,
हे चहावाल्यानं सांगितलं, मी न विचारता.

तबकडीखाली पिठाचा थर बसला होता,
दगडासारखा.
ब्रश मोडला, मग चमच्याच्या दांड्यानं उकरला.
स्क्रू आवळले, काटा शून्यावर आणला.
"मींडुं!" ती म्हणाली,
लहान मुलीनं पाटीवर काढून दाखवावं तसं.
पैसे घेताना मी पन्नास कमी सांगितले
आणि घरी येईपर्यंत स्वतःवर चिडत राहिलो.
फ्रिजचे सात हप्ते बाकी होते.

आठवड्यानं तिचा फोन.
काटा बरोबर आहे, पण सवय जात नाही,
तोंड आपोआप चाळीस वजा करतं,
सबंध नवापुऱ्याला माझ्या पदरचं दळून देतेय.
"हवे मने रिपेर करो," म्हणाली, आणि हसली,
आणि हसणं थांबल्यावर
फोनमध्ये नुसता पट्ट्याचा आवाज, बराच वेळ.
दोघांनीही ठेवला नाही.

मी चव्वेचाळीस वर्षांचा आहे.
चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली.
गुरुवारी नवापुऱ्यात काम नसतं
तरी पेटी घेऊन जातो,
पाच किलोचं वजनसुद्धा काढून ठेवत नाही,
कुणी पाहिलं तर कामावर दिसावं.
ती बाजरी थांबवते, आल्याचा चहा करते.
तिच्या पापण्यांवर पीठ असतं.
डोळे मिटले की ते
कपात पडेल असं वाटतं, पडत नाही.
परवा तिनं विचारलं, "मुलाला काय आवडतं?"
मी म्हटलं, "वरचा भात."
ती हसली नाही. थोडा वेळ
नुसती माझ्या हातांकडे बघत राहिली.

काल रात्री हेरंब भूमितीचा गृहपाठ करत होता.
मान वर न करता म्हणाला,
"पप्पा, कॉलरवर पीठ."
मी झटकलं.
"मागेपण."

मग बराच वेळ काही नाही.
मग स्वयंपाकघरात डबा वाजला.
घरातले होते तेवढे गहू त्यानं पिशवीत ओतले होते,
किलोभरही नसतील.
"उद्या दळायला मी नेतो," म्हणाला.
"त्या बेन मला ओळखतील का?"

पिठाचा डबा अर्धा भरलेला होता,
सोमवारचंच ताजं दळण.
मी काही बोललो नाही.
पिशवीचं तोंड बांधून दिलं.