पायलीवरचा फोन

फोन कमरेइतक्या उंचीवर ठेवा, असं फोनच सांगतो.
सायत्राबाईच्या घरात टेबल नाही.
लोखंडी पेटी, पेटीवर पाट,
पाटावर पायली पालथी
आणि पायलीवर फोन, मागून तांब्याचा टेकू.
आजवर या पायलीनं धान मोजलं.
आज गुडघा.

'गुडघा दिसत नाही,' फोन म्हणाला.
लुगड्याआड होता.
'दोन साल झाले दुखून राह्यला, अन् याले दिसतच नाही!'
हसत हसत तिनं काष्टा वर खोचला,
रोवणीला खोचते तसा.
मग दिसला.
मांडीपासून घोट्यापर्यंत हिरवी रेघ,
रेघेला एक कोपरा, कोपऱ्यात आकडा: एकशे अठरा.
'हे कायचे?'
अंश आहेत, मावशी.
'रुपये रायते तं बरं झालं असतं.'

मी आशा. वहीत अकरा नावं,
अकराजणींत एक फोन, त्याची काच तडकलेली.
खोटं कशाला बोलू, फायदा झाला.
भंडाऱ्याला जायचं म्हणजे पहाटेची गाडी,
एक मजुरी बुडीत, रांग,
आणि शेवटी चित्रांचा एक कागद,
जो परतीच्या गाडीत शेंगदाणे बांधायला जातो.
आता बोडीच्या पाळीवर, बाभळीच्या डाव्या अंगाला, रेंज येते.
तिथं नागपूरच्या मॅडम दिसतात, कधी हलतात, कधी गोठतात.
सहा आठवड्यांनी सायत्राबाई
भिंत न धरता पाटावरून उठली
आणि भिंतीकडे वळून पाहिलं,
उसनं फेडल्यावर शेजारणीकडे पाहावं तसं.

वेदना किती? शून्य ते दहा.
खाली दहा तोंडं, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत.
'रोवन्याच्या पह्यल्या दिशी दुखते.
तिसऱ्या दिशी दुखत नाही, पाय आपला रायतच नाही.
त्याचं तोंड कोनतं?'
मी सात दाबलं.
तो सात माझा आहे, तिचा नाही.

आणि भागरथा शहारे.
तिची कंबर. ती एक दिवस चुकली नाही.
सलग एकोणीस दिवस फोन म्हणाला, शाब्बास,
पडद्यावर फटाके फुटले, आवाज न करता.
विसाव्या दिवशी गेले तर उंबऱ्याबाहेर
एकच चप्पल.
दुसरी?
'निघून जाते बाई पायातून. समजतच नाही.
मांगं पाह्यलं का रस्त्यात पडून असते.'

चौकटीत तिचं डोकं होतं, पाठ होती,
बरोबर वाकलेली कंबर होती.
पावलं चौकटीच्या खाली राहिली होती,
रोज.

तिचा अंगठा धरला, म्हटलं, वर ओढ.
तिनं ओठ दाबले, भुवया ओढल्या,
सगळा चेहरा वर ओढला.
अंगठा तिथंच.

त्याच फोनवर त्याच अंगठ्याचा व्हिडिओ काढून
मी पाळीवर पळाले.
गोल चक्र फिरत राहिलं,
बाभळीच्या डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे,
गेला एकदाचा.
चार मिनिटांत मॅडमचा आवाज, चित्र नाही:
लघवीला होते का नीट, विचार.
आणि निघा. उद्या नाही, आत्ता.
दुधाच्या गाडीत कॅन सरकवून तिला आडवी केली.
गाडीला वेग द्यायचं बटण
या फोनमध्ये नाही, मी शोधलं.

भागरथा परत आली.
अंगठा अर्धा उठतो.
चपलेला तिच्या नवऱ्यानं
सायकलच्या जुन्या ट्यूबचा पट्टा मागून शिवलाय.

तिसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला:
तुम्ही बावीस दिवस व्यायाम केला नाही.
आम्हाला तुमची आठवण येते.

मी वाचून दाखवलं.
भागरथा तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली,
'कोनाले?'