पंचेचाळीस टक्के

दुपारी चारला तो तळघरात उतरायचा,
काळा कोट हातावर, पायांत रबरी सपाता,
आणि विचारायचा, आज दमटपणा किती?
पंचेचाळीस, मी सांगायचो.
बावन्न असला तरी.
त्याला कळायचं. तारसप्तकातली एक पट्टी
त्याच्याकडे माझी चहाडी करायची.

ओत्तावियो ब्रुसादिन.
हजेरीपटावर नुसता मिस्टर ओट्टो.
बाप कियोज्जाच्या बंदरात मासळीचा लिलाव पुकारायचा,
म्हणजे आमच्या हर्णैसारखंच काहीतरी.
मिलानमध्ये एक रेकॉर्ड निघाली, तीनशे प्रती,
त्यातल्या दोनशे दहा आईच्या पलंगाखाली.
मग अकरा वर्षं जहाजांवर,
म्हाताऱ्या जोडप्यांना वाढदिवसाच्या धून.
एक जहाज मनामाच्या गोदीत दुरुस्तीला लागलं,
हा तीन महिन्यांसाठी खाली उतरला.
त्याला झाली एकोणीस वर्षं.
दुरुस्ती चालू आहे, म्हणायचा.

मला त्याचं वाजवणं कळत नसे.
वडील भजनात पखवाजावर, त्यामुळे
समेची वाट बघायची खोड.
हा समेच्या दारापर्यंत यायचा,
कडीला हात लावायचा,
आणि शेजारच्या घरात शिरायचा.
लॉबीत कुणी मान वर करत नसे.
फक्त रोवेना, ट्रे घेऊन, खांबापाशी,
ग्लासातला बर्फ विरघळेपर्यंत.

रमजानात वाजवणं बंद.
पियानोवर मखमल, मखमलीवर खजुरांचं तबक.
तरी चारला तो आलाच.
धुलाईघरात इस्त्रीच्या लांब टेबलाशी बसला
आणि लाकडावर दहा बोटं सोडली.
सूर नाहीत. यंत्रांची घरघर, वाफ.
तेव्हा पहिल्यांदा मला ऐकू आलं:
डावा हात कामावर निघालेला, रोजच्या वाटेनं,
आणि उजवा मागे रेंगाळणारा,
दुकानं बघत,
कुणाशी तरी बोलत थांबलेला.
माझी बोटं कधी मांडीवर पडायला लागली
मला समजलं नाही.
त्यानं वर न बघता मान हलवली:
ये.

पुढे डाव्या करंगळीला कंप सुटला.
त्यानं तिला गाण्यांतून काढून टाकलं.
मग अनामिकेला.
आठ बोटांत मावेल तेवढंच वाजवू लागला,
आणि खरं सांगतो, ते जास्त बरं होतं.
मॅनेजरनं आपोआप वाजणारा पियानो मागवला.
पट्ट्या खाली जातात, वर येतात,
समोर स्टूल रिकामं.
पाहुणे आता मोबाइल काढून भोवती उभे राहतात.

जाताना त्यानं मला त्याचं पितळी यंत्र दिलं,
दमटपणा मोजायचं, बशीएवढं.
गुदैबियाच्या खोलीत, चार खाटांच्या मधोमध,
खिळ्याला टांगलंय.
काटा एकाहत्तरवर.

परवा मेसेज आला:
इथे खाडीकाठी त्र्याऐंशी. पियानो नाही, ते एक बरं.
तुझ्याकडे किती?

पंचेचाळीस, मी लिहिलं.