छातीची साखर

आमच्या फ्योर्डात नोव्हेंबरात सूर्य डोंगरामागे जातो
तो जानेवारी सरता सरता उगवतो.
यात रुसवाफुगवा काही नाही. डोंगर उंच आहे.

इल्फा सुट्टीपुरती माझी, शाळेपुरती तिच्या आईची.
आली आणि बूट काढायच्या आधी म्हणाली,
बाबा, आपण काचेची बिस्किटं करू.

मी मासे कापणारा माणूस.
कॉडच्या पाठीतून सुरी अशी नेतो
की काटा काट्याच्या जागी राहतो.
पण लोणी-साखर किती वेळ फेटायची
हे मला कुठून ठाऊक?
जिला ठाऊक होतं ती राजधानीला गेली,
जाताना लाटणंही घेऊन गेली.

मग बाटलीनं लाटलं.
कपाच्या काठानं गोल पाडले,
आणि गोलात खिडकी पाडली
माशाच्या तेलाच्या बाटलीच्या बुचानं.
(बूच तीनदा धुतलं. तरी इल्फानं वास घेऊन पाहिला.)

कडक गोळीला आमच्याकडे छातीची साखर म्हणतात.
खोकला झाला की आजारी माणसाच्या गालात ठेवायची,
त्यावरून पडलेलं नाव.
लाल, हिरव्या, पिवळ्या गोळ्या
आम्ही एकेका लोकरी मोज्यात भरल्या
आणि जाळ्याच्या शिशानं ठेचल्या.
खालच्या मजल्यावरचा म्हातारा थोर्लाकुर
काठीनं छत ठोकत राहिला.
इल्फानं त्याच तालावर ठेचलं.

पहिला ट्रे जळला.
लाल रंग उकळून काळा झाला, बुडबुड्यांसकट.
दुसऱ्या वेळी आम्ही भट्टीसमोर
फरशीवर पोटावर पालथे पडलो,
हनुवट्या हातांवर,
आणि तो क्षण पाहिला –
ठेचलेल्या साखरेचे कोपरे गळाले,
चुरा एकमेकांत मिसळला
आणि भोकाच्या जागी
एकदम तळं.

लगेच उचलायचं नाही, मी म्हटलं.
हे मला कामावरून माहीत आहे:
जे गरम आहे त्याला घाई केली की तार सुटते.
तिनं तरी एक उचललं.
तार सुटली, तिच्या बोटापासून माझ्या बाहीपर्यंत,
हिरवी, केसाएवढी.
ती हसेपर्यंत मी हललो नाही.

गळाच्या दोरीनं अकरा बिस्किटं खिडकीत टांगली.
बाहेर दुपारी दोनचा अंधार.
काचेत आमचंच स्वयंपाकघर दिसत होतं,
आणि रंग सगळे सारखेच,
बंद दुकानातल्या मालासारखे.
सूर्य आला की, इल्फा म्हणाली.
तीन तारखेला तिचं विमान सुटलं.

नंतर दमट हवा आली.
साखर पाझरू लागली,
खिडकीच्या फळीवर लाल थेंब, चिकट.
चार बिस्किटं दोरी कापून खाली पडली.
एक मी खाल्लं, उभ्यानं, रात्रपाळीहून येऊन.

पंचवीस तारखेला गावानं कॉफी ठेवली, पॅनकेक केले,
सगळे बंदरावर गेले.
मी घरी थांबलो, पाय दुखतो असं सांगून.
बाराला दहा मिनिटं होती.
डोंगराच्या खाचेतून तो आला,
सुरीच्या धारेएवढा,
आणि आमच्या सिंकमध्ये
बशीवर, चमच्यावर, माझ्या मनगटावरच्या जुन्या कापावर
लाल पडला, मग पिवळा.

हिरव्या खिडकीत मधोमध एक धूसर पट्टा होता.
बुडबुडा नव्हे. धूळही नव्हे.
जवळ जाऊन पाहिलं:
जिभेची रेघ.
खालून वर, एकदाच, सावकाश.
मग शेजारचं पाहिलं. त्यावरही.
सहाच्या सहा.
जायच्या दिवशी खुर्ची ओढल्याचा आवाज आला होता मला.
मी बॅग बांधत होतो.

फोन लावला. मधली सुट्टी होती, मागे आरडाओरडा.
आला? तिनं विचारलं.
आला.
कुठलं सगळ्यात आधी पेटलं?
मी म्हटलं, तू चाटलेलं.
पलीकडे जरा वेळ काहीच नाही.
मग: बाबा, सगळीच चाटली होती.

तोवर सूर्य गेला होता.
उद्या तो दोन मिनिटं जास्त थांबेल.