डावी बाजू कोरडी

मनगटावरचे केस शीबा सिस्टरनं कोरडेच खरडले.
घड्याळाखालचा पांढरा पट्टा तेवढा उघडा,
बाकी हात मे महिन्याचा, काळा.
"दुखलं तर सांगायचं हं काका," तिच्या केरळी मराठीत.

बाहेर धंतोलीत सेहेचाळीस,
आत दात वाजतात.
सव्वीस वर्षं हे गाव गार करत हिंडलो,
एवढं गार मला कधी जमलं नाही.

डॉक्टर बोरकुटे पोरगेलेसे. शिशाचा जड एप्रन,
मास्कवर दोन डोळे.
"काय काम करता हेडाऊजी?"
"कूलर. पंप, मोटर, खस. गोळीबार चौकात दुकान हाय."
"अरे! आमच्या घरचा एका बाजूनं पाणीच सोडत नाही."
"कोनती बाजू?"
"डावी."
"पानी बोअरचं असंन."
"हो."
"मंग क्षार धरला. पंप बदलू नोका,
दुकानदार बदलाच म्हननार.
सायकलची तार घ्या, टोक जरासं वाकवा,
आन् ढकलू नोका. फिरवत न्या.
जुना पाइप असते, भोक पडते."

कुणीतरी मास्कमागं हसलं.
डॉक्टर नाही हसले.
अंगठा आणि बोटाच्या चिमटीत तार
ते फिरवत होते तेव्हा.
कोपर कधीच मागं पडलं होतं, मला कळलंही नव्हतं.

"श्वास धरा."
पडद्यावर शाई उतरली,
कोऱ्या खसवरून पहिलं पाणी उतरतं तशी, फाटे फोडत,
आणि एका जागी येऊन बारीक झाली.
दोऱ्याएवढी.
पुढं सगळं फिकं.

काचेपलीकडे वेणूला आणून उभं केलं.
इंगोल्यांनी पडद्यावर बोट ठेवलं: नव्वद टक्के.
ती पडद्याकडे बघतच नव्हती,
चादरीबाहेर राहिलेल्या माझ्या पायांकडे बघत होती.
माझ्या नावाखाली तिची सही,
घराच्या कर्जानंतर आज पहिल्यांदा.

"आता छातीत भरल्यासारखं होईल."
"बारा," डॉक्टर म्हणाले.
"चौदा."
परवा महालात तिसऱ्या मजल्यावर चढताना,
पत्र्याची टाकी खांद्यावर असताना आली होती,
तीच कळ. बोलावून आणल्यासारखी.
मी मोजायला लागलो.
पवनला शिकवतो ना,
वाइंडिंग झालं की मोटर लाव अन् वीस मोज,
जळका वास आला नाही तर समज फेरे बरोबर.
सतरा. अठरा. एकोणीस.
सुटली.

वास आला नाही.

पाकिटात ठेवायला कार्ड दिलं: पावणेतीन मिलिमीटर.
माझ्या पेटीत तीनचा ड्रिल आहे,
त्याहून बारीक कधी लागला नव्हता.
महिनाभर वजन उचलायचं नाही.
पवनचे अकरा फोन. वेणूनं एकही उचलला नाही.
गोळी चुकवायची नाही, शीबा सिस्टर तीनदा म्हणाली.
मीही सांगतो गिऱ्हाइकांना, मार्चमध्येच पाइप साफ करा.
मान हलवतात.
मीही हलवली.

मनगटाला हवा भरलेला प्लॅस्टिकचा पट्टा.
थोड्या थोड्या वेळानं कुणीतरी येतं,
सिरिंजनं थोडी हवा काढून घेतं,
रक्त येतं का बघतं, जातं.

रात्री खिडकीबाहेर, शेजारच्या लॉजचा कूलर.
कान दिला.
उजवीकडून टप टप टप.
मागून टप.
डावीकडून काहीच नाही.

वेणू खुर्चीतच झोपलेली, चप्पल पायातच.
उठवून सांगावंसं वाटलं,
जाय, त्या लॉजवाल्याले सांग.
नाही उठवलं.
हात उशीवर तसाच ठेवून
पुन्हा ऐकत राहिलो,
पहाटेच्या पंपाच्या बंद होण्यापर्यंत,
डावीकडे.