तीन शून्यं

बिटको चौकात तन्वीरच्या झेरॉक्समध्ये
प्रिंट दोन रुपये पान.
म्हणून आधी पडद्यावरच वाचते मी
बावीसच्या बावीस पानं,
आणि लागेल तेवढं एकच छापून घेते.

माझं आडनाव पगार.
वसुलीवाला फोनवर म्हणायचा,
पगार मॅडम, पगार झाला का?
मीही हसायचे.
दुसरं काय करणार.

चार कंपन्या ठेवतात माझी वही.
प्रत्येकीकडून वर्षाला एक प्रत फुकट.
हेच मला नऊशे नव्व्याण्णव घेऊन सांगणारा एक जण भेटला होता,
वर आकडाही वाढवून देतो म्हणाला.
त्याला चहा पाजला. तेवढ्यावर भागलं.
आता चौघींची पाळी लावलीय,
संक्रांत, चैत्र, आषाढ, दिवाळी,
लेकी माहेरी येतात तशा एकेक.
आपलं आपण विचारलं तर आकडा उतरत नाही,
बँकेनं विचारलं तर उतरतो.

माझे पत्ते आहेत त्यात सगळे.
जेल रोडची खोली.
उपनगरचा फ्लॅट, हप्त्यांनी आणला, हप्त्यांनीच नेला.
भावाकडचे सात महिने.
पुन्हा जेल रोड.
दिगंबरलाही इतकं ओळीनं सांगता येणार नाही.

मग महिन्यांच्या चौकटी.
वेळेत भरलं की तीन शून्यं,
नाहीतर किती दिवस थकले ते.
तीस. साठ.
नव्वद आहे तो मार्च,
एम्ब्रॉयडरीचं मशीन उचलून नेलं तो.
फरशीवर चार पायांचे डाग राहिले,
घासले तरी.

खाली शेरा: सेटल्ड.
मला वाटलं चांगला शब्द असेल,
पोरगा पुण्यात सेटल झाला म्हणतात तसा.
तन्वीर म्हणाला, नाही ताई,
म्हणजे अर्ध्यात मिटवलं.
तेव्हा उरलेले एकतीस हजार भरत गेले,
अकरा महिने, कोणी मागत नसताना.
पलीकडे प्रेसचा भोंगा व्हायचा.
भिंतीआड नोटा छापतात तिथे,
अलीकडे मी दुसऱ्यांच्या ब्लाउजांना हुक लावत बसलेली.

या चैत्रात आकडा चाळीसनं चढलेला.
खाली एक नवंच कर्ज.
स्कूटर, सटाणा शाखा,
छत्तीस महिने,
छत्तीसही चौकटींत तीन शून्यं.
मी स्कूटर कधी घेतली नाही,
मला चालवता येत नाही.
रंजना डी पगार.
माझा डी दिगंबरचा,
तिचा दौलतचा असेल, धर्माचा असेल.

राहू द्या ना ताई, तन्वीर म्हणाला,
चांगलंच आहे की.

चांगलंच होतं.
छत्तीस महिने न चुकता भरणारी बाई.
डाळिंबाच्या शेडमध्ये प्रतवारी करत असेल,
किंवा अंगणवाडीत मदतनीस,
पाच तारखेआधी डब्यात पैसे बाजूला काढणारी.
तिचे महिने माझ्या घरी आले,
मग माझा मार्च कुठे गेला?

सटाण्यात एखाद्या काउंटरपुढे ती उभी असेल,
आणि आतला विचारत असेल,
हे नव्वद दिवस कसले?
तिला काय सांगता येणार,
ती त्या मार्चात नव्हतीच.
मी होते.

तक्रारीच्या रकान्यात लिहिलं,
हे कर्ज माझं नाही.
फोनवर हेच कितीदा म्हटलं होतं,
आवाज बदलून, राँग नंबर म्हणून.
खरं असं पहिल्यांदाच.

तीस दिवस लागतील, असं आलं पडद्यावर.
चाळीस उतरतील बहुतेक, जास्तही.
तन्वीरनं ते एक पान छापलं,
काही न बोलता.
दोन रुपये.
सुटे होते माझ्याकडे.