जलखंड क्रमांक नऊ

नकाशात खाडी निळी आहे.
असा निळा मी सारसोळेच्या धक्क्यावरून
एकदाही पाहिलेला नाही,
पण रंगांच्या यादीत गढूळ नावाचा रंग नव्हता.

ठाण्याच्या कार्यालयात, चौथ्या मजल्यावर,
अकरा महिन्यांच्या करारावर बसून
मी पाण्याचे चौदा तुकडे पाडले.
पिंजऱ्यातल्या जिताड्याला सहा, कालवांना तीन,
चिंबोऱ्यांना चार, तिवरांपासून अंतर सोडून,
आणि एक राखीव.
कशासाठी, ते परिपत्रकाच्या पुढच्या पानावर होतं
आणि पुढचं पान झेरॉक्समध्ये आलं नव्हतं.

सुनावणी समाजमंदिरात.
उंबरकर साहेब म्हणाले, हे तुमच्यासाठीच आहे,
आणि ते खोटं नव्हतं.
गेल्या वर्षी कुणी शेठ परवान्याशिवाय पिंजरे टाकून गेला,
कोंबड्यांच्या आतड्यांवर मासळी पोसली,
आणि एका रात्री खाडीला रसायनाचा वास सुटला तेव्हा
चार टन मेलेला जिताडा धक्क्याशी सोडून
फोन बंद.
कुणाला धरायचं? पाण्याला सात-बारा नसतो.
हितेन भोईर, बी.एस्सी., मागच्या रांगेतून ओरडला,
"नियम लवकर करा साहेब,
मना कर्ज पायजे, बँक पट्टा मागते."

मग नवशीबाई तांडेल उठल्या.
नकाशाशी आल्या, नऊवर बोट ठेवलं.
बोटाला कोलमीचा वास.
"यो पानी कवाचा?"
मला कळलं नाही.
"भरतीचा का सुकतीचा? उधानाचा का भांगाचा?"
"उपग्रहाचा," मी म्हणालो.
सगळे हसले. मीही हसलो, उशिरा.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या होडीत.
यंत्र सांगत होतं: अचूकता, अधिक-उणे पाच मीटर.
त्या सांगत होत्या: यो खुंट सासऱ्याचा,
तो मोडला त्या साली धाकली जाली,
उधानाला डोल इथं, पान्याला ओढ पायजे,
त्या अंगाला सुकतीत चिखल उघडा पडतो,
पोरी खुबे वेचाया उतरतात.
"आनि भांगाला?"
"भांगाला पानी निजतं. डोल घरी.
तवा इथं कोन नसतं."

त्यांना कुणी परवाना दिला, असं विचारणार होतो,
तेवढ्यात चिखलानं माझा डावा बूट मागून घेतला.
पाम बीचवरून गाड्या चालल्या होत्या, कोरड्या.
रोहित पक्ष्यांचा थवा नवव्या खंडात उतरला
आणि चरत चरत दहाव्यात गेला.

कार्यालयात परत येऊन, एका पायात चप्पल,
मी चित्राची तारीख पाहिली:
मंगळवार, सकाळचे दहा सत्तेचाळीस.
मग भिंतीवरचं पंचांग.
अष्टमी.

म्हणजे पाणी निजलेलं असताना
आम्ही वरून डोकावलो होतो
आणि तक्त्यात लिहिलं होतं, रिक्त.
खुंट होतेच, पण ते चित्रातल्या एका ठिपक्याहून बारीक.

मी हद्द पुसली. पुन्हा काढायला घेतली,
अमावास्येपर्यंत एक, नंतर दुसरी,
आणि संगणक म्हणाला: आकृती अपूर्ण. रेषा बंद करा.
हितेनचा फोन येऊन गेला होता, दोनदा.
त्याचा अर्जही नऊवरच आहे.
नवशीबाई त्याची सख्खी आत्या.

रेषा बंद केली.
शेवटच्या रकान्यात, शेऱ्यासाठी,
जेमतेम एका ओळीची जागा असते.
लिहिलं: उधाणाला पुन्हा पाहणे.

फाईल आज साहेबांकडून परत आली.
शेऱ्याखाली पेन्सिलीनं, बारीक अक्षरात:
उधाण म्हणजे? दिनांक नमूद करावा.